भाव हलवणारा कागद मराठीतही द्या: सेबीच्या अध्यक्षांना अमळनेरहून खुलं पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी), मुंबई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चार पानांच्या एका कागदाबद्दल आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका छोट्या कंपनीने रात्री पावणेदहाला तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकला. वेळेत टाकला, नियमाप्रमाणे टाकला, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तरीही त्या कागदापायी आमच्या बोरीकाठच्या एका शेतकऱ्याचे साडेपाच क्विंटल कापसाचे पैसे गेले. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण माझी तक्रार तिच्यावर नाही. तुमच्या नियमांत एक जागा मोकळी राहिली आहे, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी अमळनेरचा. विवरणपत्रं भरणं आणि डीमॅटची कामं करून देणं हा माझा धंदा. आमच्या गावाला शेअर नवा नाही. १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशिम प्रेमजींनी इथे वनस्पती तेलाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढच्याच वर्षी तिचे शेअर लोकांसाठी निघाले आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी ते घेतले. तीच आजची विप्रो. त्या पिढीकडे कंपनीची बातमी पोस्टाने यायची. वर्षातून एकदा अहवाल, मधे लाभांशाचा चेक, कधीमधी बोनसचं पत्र. कागद तेव्हाही इंग्रजीतच असायचा, पण घाई नव्हती. प्रताप कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा बँकेतल्या साहेबांकडे तो न्यायचा, ते वाचून सांगायचे, आणि तोवर काही बिघडलेलं नसायचं. शेअर ट्रंकेत पडून राहिले म्हणूनच आमच्या गावातली कितीतरी घरं उभी राहिली.

आता तसाच इंग्रजी कागद रात्री येतो आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बाजार उघडायच्या आत त्याचा अर्थ लागावा लागतो. भाषेचा उंबरठा तेवढाच उंच राहिला, ओलांडायला मिळणारा वेळ मात्र वर्षावरून रात्रीवर आला.

आता त्या शेतकऱ्याबद्दल. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय चौसष्ट, जुनी अकरावी. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. २०२५ च्या ऑगस्टात सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. ही बातमी वाचली त्याच दिवशी नाना म्हणाले होते की यंदा खेडा खरेदीवाला पाडूनच मागणार. तसंच झालं. हमीभाव लांब धाग्याला ८,११० होता, पण नोंदणी, ओलावा, रांग हे सगळं धरून, हातात रोख हवी म्हणून नानांनी चौदा क्विंटल माल सात हजाराने घरूनच दिला. तोटा कळून दिला. दिल्लीत निघालेल्या एका आदेशाचा आपल्या ओट्यावरच्या कापसावर काय परिणाम होणार, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बातमी त्यांच्या भाषेत होती आणि तिचा हिशेब त्यांच्या धंद्यातला होता.

शेअरचा कागद आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

त्या कंपनीला एका सरकारी उपक्रमाकडून ४२ कोटींची ऑर्डर मिळाली होती. शेअर तेव्हा ६८ रुपयांना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेलिग्रामवर निरोप फिरला: मोठी ऑर्डर, टार्गेट २५०. पाच टक्क्यांचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त वर किंवा खाली जाऊ शकत नाही. रोज बाजार उघडला की भाव पाच टक्के वर जाऊन थांबायचा, घेणाऱ्यांची रांग लांबच लांब आणि विकणारा कुणी नाही. नानांच्या पुतण्याने मोबाईलवर खरेदी लावून ठेवलेली, ती रोज संध्याकाळी आपोआप रद्द व्हायची. पंधराव्या दिवशी लागली. १३९ च्या भावाने सातशे शेअर, ९७ हजार ३०० रुपये. म्हणजे चौदा क्विंटल कापूस जवळपास जसाच्या तसा.

घरात पेढे आले. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की पंधरा दिवस एक शेअर मिळत नव्हता, आज सातशे एका मिनिटात मिळाले, तर आज कुणीतरी भरभरून सोडतं आहे. वरच्या सर्किटला शेअर मिळायला लागणं हीच बऱ्याचदा पहिली वाईट खूण असते. पण ही खूण ज्याने चार वेळा मार खाल्ला त्यालाच दिसते.

मग खालचं सर्किट लागलं. चौथ्या दिवशी नाना माझ्याकडे आले, खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. मोबाईल पुढे केला. विक्रीची ऑर्डर लावलेली, समोर घेणारा शून्य. म्हणाले, "भाऊ, आते काय करू, इकी टाकू का?" विकायचं ठरवलं तरी विकता येत नव्हतं, हे त्यांना मी कसं सांगितलं ते माझं मला माहीत. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी दुपारी सर्किट मोकळं झालं, ८४ ला शेअर निघाले. ३८ हजार ५०० रुपये गेले.

त्याच रात्री मी तो मूळ कागद उतरवून घेतला आणि शांतपणे वाचला. पहिल्या पानावर बाजाराला उद्देशून पत्र. दुसऱ्यावर पुन्हा तेच, जरा सजवून, अध्यक्षांच्या आनंदासकट. तिसऱ्या पानावर तुमच्या नियमाने सक्तीचा केलेला तक्ता, आणि त्या तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात मुदत: चार वर्षं. ४२ कोटी चार वर्षांत, म्हणजे सालाला साडेदहा कोटी. कंपनीची मागच्या सालची उलाढाल ३१० कोटी. शंभर रुपयांच्या धंद्यात साडेतीन रुपयांचीही भर नाही, आणि ही भर विक्रीतली, नफ्यातली तर त्याहून कितीतरी कमी. एवढ्याशा बातमीवर अख्ख्या कंपनीची किंमत दुप्पट झाली होती. हा हिशेब नाना तोंडी करतात हो! एकरी उतारा, वेचणीची मजुरी, फवारणी हे सगळं ते बोटांवर मांडतात. त्यांना फक्त तिसऱ्या पानावरची ती ओळ वाचता यायला हवी होती.

म्हणून मला हे सांगायचं आहे, महोदय. आमच्याकडे लोक बातमीला भुलतात असं शहरातले तज्ज्ञ म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. आमच्यापर्यंत बातमी पोचतच नाही, बातमीचा बोभाटा पोचतो. कागद मुंबईत उघडला जातो, वाचणारे तो वाचतात, भाव हलतो, आणि हललेला भाव हीच आमच्यासाठी बातमी होते.

बातमी आणि भाव यांचं नातं मुळात सरळ नाही, हे मी जाणतो. १७ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला. आदल्या संध्याकाळी बँकेने तिमाहीचा नफा १६,३७२ कोटी जाहीर केला होता, वर्षापूर्वीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त. माझ्याकडे त्या दिवशी तीन जण आले होते, तिघांचा प्रश्न एकच: नफा वाढला तर शेअर पडला का? उत्तर कागदातच होतं. जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी या बँकेत विलीन झाली होती, त्यामुळे मागच्या वर्षाच्या आकड्याशी सरळ तुलनाच होत नव्हती. आणि ठेवी ज्या वेगाने वाढाव्यात असं बाजाराने धरलं होतं, तेवढ्या वाढल्या नव्हत्या. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे एका वाक्यात कळतं. बऱ्हाणपूरच्या लिलावात भाव वाढला, पण जेवढा वाढेल असं धरून सौदे झाले तेवढा नाही वाढला, की दुसऱ्या दिवशी व्यापारी बागेकडे फिरकत नाही. भाव आकड्याला उत्तर देत नाही, आकडा आणि अपेक्षा यांतल्या फरकाला देतो. हे समजण्याची कुवत आमच्याकडे आहे, पिढ्यान् पिढ्या आहे.

अवघड जागा दुसरी आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांचं पत्र बाहेर आलं, हिशेब फुगवल्याची कबुली देणारं, आणि १८० च्या आसपासचा शेअर संध्याकाळपर्यंत चाळिशीला आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्फोसिसच्या व्यवस्थापनाविरुद्धच्या निनावी तक्रारीची बातमी आली आणि २२ तारखेला तो शेअर एका दिवसात १६ टक्क्यांनी पडला. जानेवारी २०२० मध्ये कंपनीच्या लेखापरीक्षण समितीने सांगितलं की आरोपांना पुरावा सापडला नाही. एक पत्र कबुलीचं, दुसरं आरोपाचं. घसरणीच्या दिवशी मोबाईलवर दोन्हीकडे आकडा सारखाच लाल दिसतो. फरक शब्दांत असतो, आणि शब्द वाचता आले नाहीत तर माणूस रंग बघून निर्णय घेतो.

हे रंग बघून घेतलेले निर्णय मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ३ डिसेंबर २०२४ ला विप्रोचा एकास एक बोनस होता, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. आदल्या दिवशी साधारण ५८० रुपयांचा शेअर त्या सकाळी २९० च्या आसपास दिसू लागला. दहाच्या आत एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकाबाईंचा फोन आला. नवऱ्याच्या पश्चात त्यांचं बरंचसं घर त्या शेअरवर आहे. ॲपवर निम्मं मूल्य दिसत होतं आणि बोनसचे शेअर अजून खात्यात जमा व्हायचे होते. बाई रडत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, कंपनी बुडाली का हो?" त्यांना मी भाकरीचं उदाहरण दिलं, एकीचे दोन तुकडे केले तर भाकरी तेवढीच राहते. त्या शांत झाल्या, विकले नाहीत. पण ॲपवर भावाशेजारी "आज बोनस, शेअर दुप्पट होणार" एवढे पाच शब्द मराठीत असते तर तो फोन आलाच नसता. ज्या गावात ही कंपनी जन्मली तिथली ही गोष्ट आहे.

आता तुमच्या नियमांकडे येतो. बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतला नियम ३० मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. संचालकांची बैठक संपल्यावर तीस मिनिटांत, बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर तीन तासांत, कंपनीतून उपजलेली घटना असेल तर बारा तासांत, बाहेरून आलेली असेल तर चोवीस तासांत बातमी द्यायची. उत्तम नियम आहे. मिनिटांचा एवढा बारीक विचार तुम्ही केलात. पण ज्याच्यासाठी द्यायची त्याला ती वाचता येईल का, हा विचार त्यात नाही.

तसा तो तुमच्याच नियमावलीत दुसरीकडे आहे. नियम ४७ सांगतो की तिमाही निकालांची जाहिरात एका इंग्रजी दैनिकात आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेच्या एका दैनिकात द्यावी. म्हणजे भागधारकाला त्याच्या भाषेत कळावं हे तत्त्व तुम्हाला मान्य आहे. फक्त भाषा कार्यालयाच्या पत्त्यावरून ठरते. जैन इरिगेशनचं कार्यालय जळगावात, म्हणून तिची जाहिरात मराठीत. विप्रोचं कार्यालय बेंगळुरूत, म्हणून तिची कन्नडमध्ये. कन्नड भागधारकाला ती मिळालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण अमळनेरच्या भागधारकाचं काय? शिवाय आता जाहिरातीत क्यूआर कोड आणि दुवा देतात, तो उघडला की पुन्हा इंग्रजीच. एनएसईचं संकेतस्थळ मराठीत झालं याचा मला खरोखर आनंद झाला होता. दारावरची पाटी मराठी, बटणं मराठी, आणि घोषणेवर बोट ठेवलं की आत तोच चार पानी इंग्रजी कागद.

अफवांचंही तसंच आहे. माध्यमांत आलेल्या अफवेमुळे भाव लक्षणीय हलला तर कंपनीने चोवीस तासांत खरं-खोटं सांगावं, हा नियम १ जून २०२४ पासून पहिल्या शंभर आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांना लागू झाला. त्या अडीचशेंच्या अफवांनी खान्देशातला माणूस फारसा मरत नाही. तो मरतो पाच टक्क्यांच्या सर्किटातल्या छोट्या कंपन्यांत, आणि तिथली अफवा वर्तमानपत्रात येत नाही, टेलिग्रामवर येते, जे या नियमाच्या हिशेबात माध्यमच नाही. छोट्या कंपनीत एकच माणूस चार कामं बघतो, तिच्यावर रोजच्या अफवेचं ओझं टाकू नये हे मला पटतं. पण लागोपाठ पाच दिवस शेअर वरच्या सर्किटला बंद झाला, तर सहाव्या दिवशी कंपनीने दोन ओळी लिहाव्यात: आम्ही अमुक तारखेला जाहीर केलं त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. एवढं एका माणसाला जमतं. शेअर बाजार आजही अशा हालचालीवर कंपनीला खुलासा विचारतातच. तो खुलासा येतो तोही इंग्रजीत आणि एका ओळीच्या सरकारी भाषेत, नानांपर्यंत पोचेल असा नाही.

शिकवण्याच्या नावाखाली टिपा देणाऱ्यांना तुम्ही जानेवारी २०२५ मध्ये लगाम घातला, तीन महिन्यांच्या आतले भाव वापरू नका असं सांगितलं. चांगलं केलंत. पण आमच्याकडे टेलिग्रामवाला चालतो तो फसवतो म्हणून चालत नाही. तो मराठीत बोलतो म्हणून चालतो. रात्री पावणेदहाच्या कागदाबद्दल सकाळी सातला मराठीत बोलणारा त्याच्याशिवाय दुसरा कुणी नाही. ही जागा खऱ्या माहितीने भरली तर तो आपोआप मागे पडेल.

माझी मागणी लहान आहे. नियम ३० खालच्या प्रत्येक महत्त्वाच्या घोषणेसोबत अर्ध्या पानाचा गोषवारा भारतीय भाषांत असावा, मराठीत असावा, आणि तो मूळ कागदाबरोबरच यावा. त्यात विशेषणं नसावीत. ऑर्डर असेल तर किती वर्षांची, मागच्या सालच्या उलाढालीच्या किती टक्के, आणि पक्की ऑर्डर आहे की नुसता सामंजस्य करार, हे पहिल्या तीन ओळींत यावं. निकाल असेल तर नफ्यात जमीन विकून आलेला एकवेळचा पैसा किती, आणि लेखापरीक्षकांनी काही शेरा मारला आहे का, हे यावं. लेखापरीक्षक सोडून गेला असेल तर तेच पहिलं वाक्य असावं. सगळ्या कंपन्यांना एकदम जमणार नसेल तर महाराष्ट्रात नोंदणीकृत कार्यालय असलेल्यांपासून सुरुवात करा.

दोन भाषांत फरक पडला तर जबाबदारी कुणाची, असा आक्षेप येईल. मूळ इंग्रजी ग्राह्य, असं खाली एका ओळीत छापा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आज मराठीत भाषांतर होऊन उपलब्ध आहेत, आणि त्यांतला शब्द तर एखाद्याच्या आयुष्याचा असतो. तिथे ही वाट सापडली, तर ४२ कोटींच्या ऑर्डरला का सापडू नये? २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरात भरलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. गाव आनंदलं होतं, मीही. पण त्या भाषेत भागधारकाला त्याच्या कंपनीची बातमी मिळत नाही.

त्या रात्री कागद वाचून झाल्यावर मी नानांसाठी एका कोऱ्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. वीस मिनिटं लागली. नानांनी त्या दोनदा वाचल्या, घडी करून खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "हे मले आधी कोनी दिलं असतं तं." पुढचं बोलले नाहीत. मी मागतो आहे तो गोषवारा कसा असावा याचा नमुना म्हणून, कंपनीचं नाव खोडून, त्या ओळी इथे जशाच्या तशा देतो.

"कंपनीला ४२ कोटी रुपयांचं काम मिळालं आहे. काम चार वर्षांत पूर्ण करायचं आहे, म्हणजे वर्षाला सरासरी साडेदहा कोटी. कंपनीची मागच्या वर्षाची एकूण विक्री ३१० कोटी होती, त्यामुळे विक्रीत वर्षाला साधारण साडेतीन टक्के भर पडेल. या कामातून नफा किती होईल हे कंपनीने सांगितलेलं नाही."

आपला,
एक भागधारक
अमळनेर, जि. जळगाव